काचेखालची टोपी

आमच्या नेकार नदीच्या खोऱ्यात कुणी कुणाचं कौतुक करत नाही. बायकोनं दिवसभर खपून मसुराची आमटी आणि शेवया केल्या, नवऱ्यानं ताट चाटूनपुसून लख्ख केलं, तरी तो फार तर म्हणणार, "खाता येतं." कौतुकानं माणूस फुगतो आणि फुगलेला माणूस कामाचा राहत नाही, असं इथे सगळ्यांना मनापासून वाटतं. "वाईट नाही" हे आमच्याकडचं सर्वांत मोठं बक्षीस. ते जन्मात एखाद-दोनदा मिळतं, आणि काहींना तर थेट दफनाच्या वेळीच, पाद्र्याच्या तोंडून. एवाल्ड हेगेलेला हे दोन शब्द जगात एकाच माणसाकडून हवे होते, आणि तो माणूस म्हणजे त्याची सासू. यावरून एवाल्डच्या नशिबाची कल्पना यावी.

एवाल्ड गावातल्या मोटारीच्या कारखान्यात कुरकुर शोधायचा. म्हणजे तक्रारी नव्हेत, त्या तर सगळेच शोधतात. नवी गाडी चालताना कुठे खडखडते, कुठे चिवचिवते, कुठला स्क्रू हळूच कण्हतो, ते ऐकून बोट ठेवायचं हे त्याचं काम. कारखान्यात त्याला "कान" म्हणत. "कान आला का?" "कानाला विचारलं का?" त्यासाठी तो गाडीत कुठेही शिरायचा. मागच्या डिकीत पाय पोटाशी घेऊन पडायचा, दाराला गाल लावून बसायचा, आणि गाडी चालवणाऱ्याला श्वास जरा बेतानं घ्यायला सांगायचा. एकदा त्यानं एक खडखड तीन आठवडे शोधली आणि ती शेवटी चालकाच्या दाढेतल्या सैल चांदीची निघाली.

असा माणूस घरात किती सुखाचा असणार ते सांगायला नको. त्याची बायको इर्मगार्ड फ्रीज घ्यायला गेली तेव्हा दुकानदारानं दुकानातले सगळे फ्रीज एकेक करून चालू केले, आणि एवाल्ड प्रत्येकाला कान लावून मान हलवत राहिला. पण या कानानं त्याचा खरा घात केला तो लग्नाच्या दिवशी. अंगठी बोटात जात असतानाच तो पाद्र्याकडे वाकून म्हणाला, "तुमच्या ऑर्गनची डावीकडची एक नळी हवा सोडतेय."

नळी हवा सोडत होतीच. पण ऑर्गन वाजवत होते नवरीचे वडील.

सासरे बिचारे हसले आणि पुढे काही वर्षांनी वारले, त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. सासूबाईंनी मात्र ते मनावर घेतलं. ओटीली वुर्स्टर यांनी एकदा मनावर घेतलेली गोष्ट खाली उतरवून ठेवली, असं गावात कुणाला आठवत नाही. त्या भांडल्या नाहीत. दर रविवारी कॉफीला बोलावत राहिल्या, वेणीचा गोड पाव कापून देत राहिल्या, आणि एवाल्डनं काहीही केलं, छत शाकारून दिलं, तळघर चुन्यानं रंगवून दिलं, तरी बघून म्हणत राहिल्या, "हं."

ओटीलीबाई क्रोशानं टोप्या विणायच्या. माणसांच्या नव्हे, टॉयलेट पेपरच्या रोलच्या. आमच्याकडे सभ्य माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की एक रोल बरोबर घेतो, कारण वाटेत काय होईल सांगता येत नाही. पण रोल उघडा दिसणं बरं नव्हे. म्हणून त्याला लोकरीची टोपी घालायची, वर गोंडा लावायचा, आणि गाडीच्या मागच्या काचेखाली फळीवर, सगळ्या जगाला दिसेल असा मांडून ठेवायचा. टोपीखाली काय आहे ते जगाला माहीत असतं. तरी टोपी हवी. गावातल्या निम्म्या गाड्यांत ओटीलीबाईंच्या टोप्या होत्या, आणि त्यांचा गोंडा असा घट्ट बांधलेला आणि गोल कातरलेला असायचा की दुरूनही ओळखू यायचा.

आता गाडीकडे येऊ.

आमचा कारखाना तोवर बेकरीवाल्यांच्या, खाटकांच्या आणि गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरांच्या गाड्या बनवत होता. चौकोनी, दणकट, पावाचा वास मुरलेल्या. एके दिवशी वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की आपण एक छोटी स्पोर्ट्‌स कार काढावी. दोन सीटची, बुटकी, वळणावर रस्त्याला चिकटून जाणारी. एका तरुण चित्रकारानं कागदावर पेन्सिलीनं एकच रेघ ओढली: नाकापासून निघाली, छपरावरून गेली आणि शेपटीपाशी हळूच संपली. सगळे त्या रेघेच्या प्रेमात पडले. पुढची चार वर्षं बाकीचा कारखाना त्या रेघेखाली सामान कोंबत बसला.

इंजिन उभं राहीना, तर त्याला कुशीवर निजवलं. पुढे वजन फार झालं, तर गिअरबॉक्स उचलून मागच्या चाकांपाशी नेला, म्हणजे गाडी दोन्हीकडून सारखी तोलली गेली. बॅटरी सीटखाली गेली. दिवे रेघेबाहेर डोकावत होते, तर त्यांना पापण्या दिल्या, लागतील तेव्हा उघडायच्या. ज्यानं त्यानं आपापल्या भागासाठी बोटभर जागा मागितली आणि ज्याला त्याला एकच उत्तर मिळालं, "रेघेला हात लावायचा नाही." अखेर मातीचा नमुना उभा राहिला तेव्हा तो महिनाभर वापरलेल्या साबणासारखा गुळगुळीत दिसत होता. कामगारांनी लगेच नाव ठेवलं, साबणवडी.

साबणवडीवर मुख्य म्हणून आले डॉक्टर ब्रॅन्डिस. हे दूर उत्तरेकडच्या हॅम्बुर्गचे, शुद्ध बोलणारे, सडपातळ गृहस्थ. त्यांचा वैरी एकच, वजन. ते हातात काट्याचा तराजू घेऊन फिरायचे आणि स्क्रूसुद्धा तोलायचे. मागची भलीमोठी तिरपी काच त्यांच्या डोळ्यांत सलत होती. काच हीच डिकीचं दार, रेघेचा शेवटचा तुकडा. त्यांना ती पातळ हवी होती, आणि खालच्या पत्र्यावरच्या आवाज गिळणाऱ्या जाड चटया काढून टाकायच्या होत्या.

"श्रीयुत हेगेले," ते म्हणाले, "चटया काढल्यास आवाज येईल काय, हे आपण निश्चित सांगावे. आपल्या शब्दावर काचेची मागणी नोंदवली जाईल."

"नमुन्याची पातळ काच लावून, चटयांशिवाय हिवाळाभर चालवून बघतो," एवाल्ड म्हणाला, "मग सांगतो."

नवी गाडी रस्त्यावर न्यायची तर तिला ओळखू येणार नाही असं झाकावं लागतं, कारण कुंपणाआड कॅमेरे घेऊन माणसं टपलेली असतात. ते झाकायचं काम रुडी क्नॉडलरचं. रुडी गाड्या पळवून बघायचा आणि तो एवाल्डचा जुना दोस्त होता. त्यानं साबणवडीला पुठ्ठे लावले, काळ्या चिकटपट्ट्या मारल्या, आणि लांब उभा राहून बघितलं.

"अजून तरणी दिसते रे," तो म्हणाला. "एखाद्या पेन्शनरची वाटायला पाहिजे."

एवाल्डच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाताळात सासूबाईंनी त्याच्या नव्या गाडीसाठी एक टोपी दिली होती, जांभळी आणि पिवळी, सफरचंदाएवढ्या गोंड्याची. ती टोपी प्रत्येक वळणावर फळीवरून इकडून तिकडे सरकायची आणि खस्स करायची. परत वळण, परत खस्स. दिवसभर कुरकुरी ऐकून आलेल्या माणसाला घरी जाताना हे खस्स सोसवेना. टाकून देता येईना, आमच्याकडे धड असलेली वस्तू टाकणं म्हणजे पाप. आणि सासूबाई दर रविवारी विचारायच्या, "टोपी गाडीत आहे ना?"

"थांब," तो रुडीला म्हणाला, "तुला पेन्शनर देतो."

साबणवडीत ती टोपी जणू मापानं बेतल्यासारखी बसली. तिरपी काच खाली येऊन रोलवर टेकली आणि गोंडा मधे गच्च दबला. रुडीनं वळणावर गाडी आडवी घातली तरी टोपी तसूभर हलली नाही. खस्स नाही की फुस्स नाही. पुढच्या रविवारी एवाल्डनं सासूच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "आहे, आई. गाडीत आहे." कुणाच्या गाडीत ते त्यांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. स्वतःवर तो इतका खूश क्वचितच झाला असेल.

हिवाळाभर दोघं बर्फातून, घाटातून, दगडी रस्त्यांवरून हिंडले. वसंतात एवाल्ड ब्रॅन्डिससाहेबांपुढे उभा राहिला. "शांत आहे," तो म्हणाला. "चटया नकोत. काच पातळ चालेल." त्याच्या शब्दावर सगळ्या गाड्यांसाठी पातळ काच मागवली गेली आणि गाडीचं बाळसं पार उतरलं.

मग कारखान्याचे वयोवृद्ध अध्यक्ष गाडीत बसून बघायला येणार असं ठरलं. त्या सकाळी ब्रॅन्डिससाहेब शेवटची नजर टाकायला आले आणि मागच्या काचेशी थबकले.

"हे काय आहे?"

"टोपी," रुडी म्हणाला.

"कोणाची?"

"रोलची."

हॅम्बुर्गकडे हे प्रकार कमी असावेत. साहेबांनी दोन बोटांनी गोंडा धरून टोपी रोलसकट बाहेर काढली, रुडीच्या हातात दिली आणि रुमालाला बोटं पुसली. रुडीनं ती जाता जाता गेटवरच्या आयझेलेला देऊन टाकली.

अध्यक्ष बसले, साहेब चालवायला बसले, गाडी झुळकन निघून गेली. परत आली तेव्हा अध्यक्ष गालाला हात लावून उतरले. "नव्वदच्या पुढे," ते म्हणाले, "कुणीतरी रिकाम्या पिंपात तोंड घालून घुमतंय. माझी कवळी जागची हलली."

सगळ्यांनी एवाल्डकडे बघितलं. एवाल्ड गाडीत शिरला, रुडीनं गाडी पळवली, आणि नव्वदच्या पुढे काटा गेला तसा तो आवाज उठला. घूंऽऽ. बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा. छातीत शिरणारा.

"हा होता, रुडी? हिवाळाभर हा होता?"

"मला कुठं काय कळतंय," रुडी म्हणाला. "तू म्हणायचास शांत, मी म्हणायचो शांत."

ब्रॅन्डिससाहेब ओरडले नाहीत. शुद्ध बोलणारी माणसं ओरडत नाहीत, हीच तर त्यांची पंचाईत. "श्रीयुत हेगेले, वयोमानानुसार असे होते," ते हळुवार म्हणाले. "सोमवारपर्यंत कारण सापडले नाही, तर जाड काच आणि चटया परत येतील, गाडी वर्षभर लांबेल, आणि आपल्याला भोंगा विभागात जागा देता येईल."

भोंगा विभागात दिवसभर भोंगे वाजवून बघतात. ज्यांचे कान आधीच गेलेत अशांना तिथे पाठवतात. एवाल्डला वाटलं, त्यापेक्षा आपल्याला जिवंत पुरलं असतं तर बरं.

कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याचे कान तपासले. "तुमच्या वयाला ठीक आहेत," ते म्हणाले. "वरचे बारीक सूर थोडे गेलेत, चिमण्या जरा कमी ऐकू येतील. पण असला घुमारा तुम्हाला ऐकू आला नाही, हे काही मला पटत नाही."

"मी चिमण्यांच्या खात्यात नाही," एवाल्ड म्हणाला. पण मनातून तो खचला होता. त्यानं सगळे स्क्रू आवळले, सगळी रबरं बदलली, स्वतः डिकीत निजून गावाला तीन चकरा मारल्या. गंमत म्हणजे तो काचेखाली निजला आणि त्याचं डोकं काचेला टेकलं, की घुमारा कमी व्हायचा. बाहेर आला की पुन्हा घूंऽऽ. डोकं डिकीतच ठेवून गाडी विकता येत नाही, एवढंच काय ते त्याला त्यातून सुचलं. घरी इर्मगार्ड काही बोलली की तो दचकून विचारायचा, "काय म्हणालीस?" आणि तिनं ते पुन्हा सांगितलं की आणखीच घाबरायचा, कारण पहिल्यांदाही त्याला नीट ऐकू आलेलं असायचं.

असा रविवार उजाडला. कॉफी, वेणीचा पाव, लोणी. दारात पाहुण्यांसाठी ठेवलेले लोकरी सपाते पायांत घालून एवाल्ड मुकाट्यानं बसला होता. ओटीलीबाईंनी पाव कापला आणि सुरी खाली न ठेवता विचारलं, "टोपी कशी आहे?"

"आहे की, आई. गाडीत. मागच्या काचेखाली."

"बरं. मग आयझेलेच्या कॉफीच्या किटलीवर बसलीय ती तिची जुळी बहीण असेल."

इर्मगार्डनं कपात तोंड घातलं.

"तुझ्या सासऱ्यांच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालून येत होते," ओटीलीबाई पुढे म्हणाल्या, "गेटवरच्या खोलीत बघते तर माझा गोंडा! किटलीवर! वाफेत! अरे, चहाकॉफीच्या भांड्यांच्या टोप्या विणायला मी काय खानावळ काढलीय?"

"आई, शपथ, होती गाडीत!" एवाल्ड कळवळून म्हणाला. "हिवाळाभर होती. जरा हलली नाही. वरून काच, खालून रोल, आणि मधे तुमचा गोंडा असा गच्च..."

आणि तो तिथेच थांबला. पावाचा तुकडा हातातून सुटून कॉफीत पडला.

"असा गच्च काय?"

"दाबलेला," एवाल्ड म्हणाला. "काचेच्या बरोबर मधोमध. माझं डोकं टेकायचं तिथेच."

"आता काय झालं ह्याला?" ओटीलीबाईंनी लेकीला विचारलं. तोवर तो सपाते फटफटवत रस्त्याला लागला होता. रविवारी दुपारी, सासूच्या घरातल्या सपात्यांवर, कारखान्याच्या दिशेनं पळणारा माणूस गावानं पहिल्यांदाच बघितला. त्याच दिवशी त्याचं डोकं फिरल्याच्या दोन वेगवेगळ्या हकिगती तयार झाल्या.

आयझेलेनं टोपी दिली, पण कुरकुरत, कारण कॉफी गार होणार होती. एवाल्डनं ती हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. टोपी निम्मी झाली होती. टॉयलेट पेपरवरची म्हणून आयझेलेच्या बायकोनं ती आधी चांगली उकळून काढली होती. गोंडा आटून लिंबाएवढा उरला होता. रुडीला घरून उठवून दोघांनी ती तशीच काचेखाली घालून बघितली. काचेला टेकेचना. घूंऽऽ.

"एकच उपाय," रुडी म्हणाला. "जा, पाय धर."

एवाल्ड परत गेला. टेबल आवरलं नव्हतं. त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की टोपी त्याच्या गाडीत नव्हती, कारखान्याच्या गाडीत होती. कारण त्याच्या गाडीत ती खसखसायची. तिनंच आवाज दाबून धरला होता, ती काढली आणि त्याची अब्रू गेली, आणि आता उद्या सकाळपर्यंत तसाच्या तसा गोंडा मिळाला नाही तर तो भोंग्यांत जाणार.

ओटीलीबाईंनी टेबलावरचे पावाचे कण तळहातावर गोळा केले.

"खसखसायची," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"तुझ्या सासऱ्यांचा ऑर्गनही तुला टोचला होता."

"हो, आई. तेव्हाही मी गप्प बसायला हवं होतं. चुकलं माझं."

एवढं बोलायला त्याला तीस वर्षं लागली होती. ओटीलीबाई उठल्या, लोकरीची टोपली घेऊन खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "विणते. पण त्या गाडीत मी बसणार. माझा गोंडा कुठं बसतो ते मला बघायचंय."

"आई, ती गुप्त गाडी आहे."

"मग गुप्तपणे बसेन."

सोमवारी सकाळी ब्रॅन्डिससाहेबांपुढे नवी टोपी काचेखाली गेली. साहेब स्वतः चालवायला बसले. नव्वद झाले, शंभर झाले, आणि गाडीत साहेबांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्यांनी गाडी थांबवली, टोपी काढली, पुन्हा पळवली. घूंऽऽ. पुन्हा घातली. शांत. असं सात-आठ वेळा झालं. जगात कुणी टॉयलेट पेपरच्या टोपीकडे एवढ्या आदरानं बघितलं नसेल.

"पातळ काच ढोलासारखी घुमत होती," साहेब शेवटी म्हणाले, "आणि आपण हिवाळाभर ढोलावर हात ठेवून त्याची परीक्षा घेत होतो. श्रीयुत हेगेले, दोष आपल्या कानांचा नव्हता." मग त्यांनी तराजू काढून गोंडा तोलला आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच सुख पसरलं. तो चटयांपुढे काहीच नव्हता.

रोल काही गाडीबरोबर देता येईना. म्हणून फळीतून वर येणारी एक छोटी दांडी केली आणि तिच्या टोकाला दाबलेल्या लोकरीचा गोळा, ओटीलीबाईंच्या गोंड्याच्या मापाचा. रेघेला हात लागला नाही. नकाशावर साहेबांनी त्याला "मागील काच कंपनशमन घटक" असं नाव दिलं. ते कामगारांच्या तोंडात मावेना. त्यामुळे आजही गाडी तयार होताना एक जण ओरडतो, "ओटीली बसवली का?" आणि दुसरा ओरडतो, "बसवली!" बाहेरून आलेल्या पाहुण्यांना त्याचा उलगडा होत नाही.

राहता राहिला शब्द. जूनमधल्या एका रविवारी, कॉफीनंतर, एवाल्ड पुठ्ठे लावलेली साबणवडी घेऊन सासूच्या दारात आला. ओटीलीबाई चर्चला जायच्या कपड्यांत, पर्स घेऊन तयार होत्या. गाडी इतकी बुटकी की बसायला आधी पाठ करायची, मग देवाचं नाव घेऊन मागे पडायचं. त्या पडल्या. पाय एवाल्डनं उचलून आत घेतले.

"सीट आहे की आंघोळीचा टब?" त्या म्हणाल्या.

तो गावाबाहेर पडला, मोठ्या रस्त्याला लागला, नव्वदच्या पुढे गेला. घुमारा नाही. त्यानं हळूच बाजूला बघितलं. ओटीलीबाई समोर बघत होत्या, ओठ मिटलेले. मग त्यानं द्राक्षांच्या मळ्यांतून वर जाणारा अरुंद रस्ता धरला, वेग कमी केला, काचा खाली केल्या. ऊन उतरणीला लागलं होतं. आता काहीतरी बोलतील, असं त्याला वाटत होतं. चालेल, "हं" सुद्धा चालेल.

"एवाल्ड," त्या म्हणाल्या, "काहीतरी वाजतंय."

त्यानं वेग आणखी कमी केला. "कुठं?"

"चिर्र चिर्र करतंय. मघापासून."

त्यानं कान लावला. काही नाही. मान वाकवली, श्वास रोखला. काही नाही. त्यानं गाडी बांधाला लावली, खाली उतरला, चाकांपाशी वाकला, काचेपाशी गेला, ओटीली दाबून बघितली.

"आहे अजून?"

"आहे."

त्यानं इंजिन बंद केलं. "आता?"

"आताही आहे. जोरात."

बंद गाडी चिरचिरते म्हणजे काय! एवाल्ड रविवारच्या कोटानिशी रस्त्यावर पालथा पडला आणि गाडीखाली डोकं घालून ऐकू लागला. घामानं त्याची कॉलर भिजली. कानात नुसती शांतता होती, कापसासारखी.

ओटीलीबाई खिडकीतून बाहेर डोकावल्या. बांधाकडे बघितलं, गवताकडे बघितलं, आणि मग खाली पालथ्या पडलेल्या जावयाकडे.

"एवाल्ड, ऊठ," त्या म्हणाल्या. "नाकतोडे आहेत. गवतातले."

तो उठला. बांधावरचं गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं होतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक हिरवा नाकतोडा पात्यावर बसून पाय घासत होता. एवाल्ड त्याच्याकडे बघत राहिला. पाय हलत होते. आवाज नव्हता. लहानपणी याच बांधावर त्या आवाजानं त्याला झोप लागायची. तो कधी बंद झाला, कुठल्या उन्हाळ्यात, त्याला आठवेना. डॉक्टर चिमण्या म्हणाले होते आणि त्यानं ते थट्टेवारी नेलं होतं. आज चिमण्या आणि नाकतोडे, उद्या सैल स्क्रू. त्याला रडू आलं, आणि कोटाच्या बाहीनं तोंड पुसताना तोंडाला रस्त्याची धूळ लागली.

ओटीलीबाई तोवर दार उघडून, कुणाच्या आधाराशिवाय, कशा कुणास ठाऊक, त्या टबातून बाहेर आल्या होत्या. पर्समधून रुमाल काढून त्यांनी त्याच्या हातात दिला.

"कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"पेन्शनला किती राहिलं?"

"दोन वर्षं."

त्या जरा विचार करून म्हणाल्या, "बारीक आवाज मला सगळे ऐकू येतात. पलीकडच्या आळीतलं भांडणसुद्धा. रविवारी कॉफीनंतर गाडी आणत जा. जी असेल ती. मी बसेन. जाड आवाज तू ऐक, बारीक मी ऐकते."

"आणि कुणी विचारलं तर?"

"सासूला हवा खायला नेतो म्हणून सांग. लोक कीव करतील, पुढे विचारणार नाहीत."

एवाल्डनं मान हलवली. त्यानं त्यांना पुन्हा सीटवर पडायला मदत केली, पाय उचलून आत घेतले, दार लावलं आणि आपल्या जागी येऊन बसला. चावी फिरवणार एवढ्यात ओटीलीबाई मागे वळून काचेकडे, त्या लोकरीच्या गोळ्याकडे बघत अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटल्या, "वाईट नाही."

आणि हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं.